सभागृहाचे अधिकारी : नेमणूक कोणाची आणि निरोप कोणाचा?

विरार स्थानकावरून पश्चिमेस आगाशी-अर्नाळ्याकडे निघालें म्हणजे वाटेंत बोळिंज हें गांव लागतें. एके काळीं वाड्यांनीं वेढलेल्या या गांवाभोंवतीं आतां उंच इमारतींची दाट वस्ती झाली आहे. म्हाडाची मोठी वसाहतहि येथेंच आहे. येथील प्रौढ रहिवाशाला तीन सभागृहांसाठीं मत देण्याचा अधिकार आहे. एक वसई-विरार शहर महानगरपालिका, दुसरें महाराष्ट्राची विधानसभा आणि तिसरें दिल्लीची लोकसभा. या तिन्ही ठिकाणीं निवडून गेलेल्या प्रतिनिधींचीं नांवें त्याला ठाऊक असतात. निदान निवडणुकीच्या दिवसांत तरी भिंतीभिंतींवरून तीं त्याच्या डोळ्यांपुढें येतात. परंतु या प्रत्येक सभागृहाच्या पाठीशीं असे कांहीं अधिकारी उभे असतात, कीं ज्यांचें नांव शंभरांत एकालाहि सांगतां येणार नाहीं. सभागृहाचा सचिव हा त्यांपैकीं एक, आणि सरकारी जमाखर्च तपासून सभागृहापुढें ठेवणारा लेखापरीक्षक हा दुसरा.

हे अधिकारी भाषणें करीत नाहींत, मतें देत नाहींत, निवडणुकीसहि उभे राहात नाहींत. तथापि त्यांच्यावांचून सभागृहाचें पाऊल पुढें पडत नाहीं. समजा, बोळिंजच्या नळाला पाणी कां येत नाहीं, असा प्रश्न एखाद्या सदस्याला मंत्र्यास विचारावयाचा आहे. त्या प्रश्नाची सूचना प्रथम जाते ती सचिवालयांत. प्रश्न नियमांत बसतो कीं नाहीं याची छाननी तेथें होते आणि अध्यक्ष आपला निर्णय त्या छाननीच्या आधारें देतात. ठरावाची भाषा, विधेयकावरील दुरुस्त्यांचा क्रम, मतांची मोजणी, कामकाजाचा वृत्तांत, समित्यांचीं टिपणें हीं सारीं कामें याच कचेरींतून होतात. पुढें पाण्याच्या योजनेसाठीं मंजूर झालेला पैसा खरोखर त्याच कामीं लागला काय, हें पाहण्याची पाळी येते तेव्हां लेखापरीक्षकाचा अहवाल हाच सदस्यांचा मुख्य आधार असतो.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं या अधिकाऱ्यांना नेमतो कोण आणि दूर करतो कोण? वरवर पाहातां हा प्रश्न रुक्ष कायद्याचा वाटेल. वस्तुतः त्यांत एक साधें व्यावहारिक सत्य दडलेलें आहे. घरच्या दिवाणजीला नेमलें वडिलांनीं, पण काढून टाकण्याचा अधिकार शेजाऱ्याच्या हातीं असला, तर दिवाणजी जमाखर्च कोणाच्या सोयीनें लिहील, हें सांगावयास नको. नेमणूक एकदांच होते. निरोप मिळण्याची शक्यता मात्र रोज डोक्यावर असते. म्हणून अधिकारी कोणाचा, हें ओळखावयाचें तर त्याला नेमणारा हात पाहून भागत नाहीं. त्याला दूर करूं शकणारा हातहि पाहावा लागतो.

हिंदुस्थानांत हा वाद प्रथम जोरानें मांडला तो विठ्ठलभाई पटेल यांनीं. मुंबईच्या सार्वजनिक जीवनांत आणि मुंबई महापालिकेच्या अध्यक्षपदीं अनुभव घेतलेले विठ्ठलभाई १९२५ सालीं मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले लोकनियुक्त अध्यक्ष झाले. त्यांच्यापूर्वीं सर फ्रेडरिक व्हाइट हे सरकारनें नेमलेले अध्यक्ष होते. खुर्चीवर बसल्यावर विठ्ठलभाईंना एक विचित्र गोष्ट दिसून आली. अध्यक्षाला नियमांविषयीं सल्ला देणारा अधिकारी आणि त्याच्या हाताखालची सर्व मंडळी सरकारच्या कायदे खात्यांतलीं होतीं. म्हणजे सरकारविरुद्ध कोणी ठराव आणला, तर तो नियमांत बसतो कीं नाहीं याविषयींची सल्लामसलत अध्यक्षाला सरकारच्याच नोकराशीं करावी लागे. तो अधिकारी कितीहि प्रामाणिक असला, तरी त्याची बढती, बदली आणि नोकरी या तिन्ही गोष्टी ज्या सरकारच्या हातीं, त्याच सरकारच्या गैरसोयीचा सल्ला देणें त्याला सोपें नव्हतें.

विठ्ठलभाईंनीं सभागृहाला स्वतःची स्वतंत्र कचेरी असली पाहिजे, असा आग्रह धरला. सप्टेंबर १९२८ मध्यें पंडित मोतीलाल नेहरूंनीं त्या अर्थाचा ठराव मांडला आणि सभागृहानें तो संमत केला. विलायतेंतील भारतमंत्र्यांनीं योजनेंत कांहीं फेरफार करून मान्यता दिली. आणि १० जानेवारी १९२९ रोजीं विधिमंडळाचें स्वतंत्र खातें अस्तित्वांत आलें. नांवानें तें गव्हर्नर-जनरलकडे राहिलें, परंतु प्रत्यक्ष कारभारांत अध्यक्ष हेच त्याचे प्रमुख झाले. संबंध स्वराज्याच्या लढ्यांत ही घटना लहान दिसते; पण सभागृहाचा सेवक सरकारचा सेवक असूं नये, हें तत्त्व या देशांत रुजलें तें त्या दिवसापासून.

हें तत्त्व पुढें ज्यांनीं वाढविलें त्यांत गणेश वासुदेव मावळंकर यांचें नांव महाराष्ट्राला विशेष जवळचें वाटावें असें आहे. मूळ घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगे येथील, जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमि अहमदाबाद. १९३७ सालीं ते मुंबई इलाख्याच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले, १९४६ सालीं मध्यवर्ती विधिमंडळाचे, आणि १९५२ सालीं पहिल्या लोकसभेचे. दरम्यान १९५० च्या राज्यघटनेनें विठ्ठलभाईंची मागणी कायमच्या कलमांत गोंवली. संसदेसाठीं कलम ९८ आणि राज्यांच्या विधिमंडळांसाठीं कलम १८७. सभागृहाचा सेवकवर्ग स्वतंत्र असेल, ही त्यांतली पहिली गोष्ट. त्या सेवकवर्गाची भरती आणि नोकरीच्या अटी विधिमंडळानें कायदा करून ठरवाव्या, ही दुसरी. असा कायदा होईपर्यंत राष्ट्रपतींनीं अथवा राज्यपालांनीं सभागृहाच्या अध्यक्षांशीं वा सभापतींशीं विचारविनिमय करून नियम करावे, ही तिसरी. संसदेनें असा कायदा अद्याप केलेला नाहीं. लोकसभेच्या सचिवालयाचा कारभार १९५५ सालच्या नियमांवर आणि राज्यसभेचा १९५७ सालच्या नियमांवर चालतो.

या व्यवस्थेप्रमाणें लोकसभेच्या महासचिवाची नेमणूक अध्यक्ष करतात आणि राज्यसभेच्या महासचिवाची नेमणूक सभापति, म्हणजे उपराष्ट्रपति, करतात. मंत्रिमंडळाची शिफारस त्यासाठीं लागत नाहीं. महासचिव केवळ आपल्या अध्यक्षांना जबाबदार असतो आणि त्याच्या वर्तनावर सभागृहांत टीका करतां येत नाहीं. कारण तो उत्तर देण्यास तेथें उभा राहूं शकत नाहीं. त्याच्यासाठीं उत्तर द्यावयाचें तें अध्यक्षांनीं.

महाराष्ट्रांत गोष्ट थोडी निराळी आहे. येथें विधानसभा व विधानपरिषद अशीं दोन सभागृहें आहेत, परंतु सचिवालय दोघांचें मिळून एकच. घटनेनें अशा सामाईक पदांना मुभा दिलेली आहे. त्यामुळें मुंबईच्या विधानभवनांत बसणारा सचिव हा विधानसभेचे अध्यक्ष आणि विधानपरिषदेचे सभापति या दोघांचाहि सेवक असतो. दोन धन्यांची चाकरी नेहमींच अवघड. पण दोघे असले म्हणजे एकाच्या मर्जीला दुसऱ्याचा आळा बसतो, हा त्यांतला लाभहि आहे.

मात्र या लाभाला एक अट आहे. दोन्ही आसनें भरलेलीं असलीं पाहिजेत. फेब्रुवारी २०२१ मध्यें विधानसभेच्या अध्यक्षांनीं राजीनामा दिल्यानंतर जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारें सतरा महिने, तें आसन रिकामें होतें. त्याच जुलैमध्यें विधानपरिषदेच्या सभापतींची मुदत संपली आणि तेथें नवे सभापति निवडले गेले ते डिसेंबर २०२४ मध्यें. मध्यंतरीं उपाध्यक्ष व उपसभापति यांनीं कामकाज चालविलें, आणि तें घटनेला धरूनच होतें. परंतु ज्या व्यवस्थेंत सचिवाचा सारा आधार अध्यक्षाची खुर्ची हा एकच, तेथें ती खुर्ची दीर्घकाळ रिकामी राहणें म्हणजे त्या आधारालाच कच्चेपणा येणें होय.

नेमणुकीची गोष्ट अशी झाली. आतां निरोपाची. सभागृहाच्या सचिवाला दूर करावयाचें तर अमुक कारण पाहिजे, अमुक बहुमत पाहिजे, असें कलम राज्यघटनेंत कोठेंहि नाहीं. ज्यानें नेमलें त्यानें बदलावें, असाच एकंदर प्रघात आहे. याचें ठळक उदाहरण राज्यसभेंत २०२१ सालीं घडलें. १ सप्टेंबर रोजीं पी. पी. के. रामाचार्युलु महासचिव झाले. राज्यसभेच्या स्वतःच्या सेवकवर्गांतून वर चढत गेलेला अधिकारी त्या पदावर बसण्याचा तो पहिलाच प्रसंग म्हणून त्याचें कौतुक झालें. अडीच महिने पुरते झाले नाहींत तोंच १२ नोव्हेंबर रोजीं त्यांच्या जागीं पी. सी. मोदी हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे माजी अध्यक्ष आले आणि रामाचार्युलु यांना सल्लागार करण्यांत आलें. कांहीं विरोधी सदस्यांनीं नापसंति दर्शविली. पण नियमभंग झाला असें म्हणावयास जागा नव्हती. सभापतींना जो अधिकार होता तोच त्यांनीं वापरला. त्या एका बदलाचीं कारणें कोणतींहि असोत. त्यावरून इतकें स्पष्ट झालें, कीं सभागृहाच्या सर्वश्रेष्ठ सेवकाचें आसन एका आदेशावर रिकामें होऊं शकतें.

याच्या अगदीं उलट व्यवस्था लेखापरीक्षकाची आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे केंद्राचे आणि सर्व राज्यांचे हिशेब तपासतात. महाराष्ट्राविषयींचे त्यांचे अहवाल राज्यपालांकडे जातात, तेथून विधिमंडळापुढें येतात आणि मग लोकलेखा समिति त्यांची चिकित्सा करते. १९१९ च्या कायद्याखालीं या अधिकाऱ्याचें पद बादशहाची मर्जी असेपर्यंतच टिके. १९३५ च्या कायद्यानें त्याला फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशासारखें संरक्षण दिलें. स्वतंत्र भारताची घटना तयार होत असतां, मे १९४९ मध्यें, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घटनासमितींत असा अभिप्राय दिला, कीं घटनेंतील अधिकाऱ्यांत बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी हाच होय. न्यायाधीशांहूनहि त्याचें काम मोठें आहे, आणि निदान न्यायाधीशांइतकें तरी स्वातंत्र्य त्याला असलें पाहिजे, अशी त्यांची विचारसरणी होती.

म्हणून कलम १४८ मध्यें जी तटबंदी उभारलेली आहे ती पाहण्याजोगी आहे. महालेखापरीक्षकाला दूर करावयाचें तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला जी रीत तीच लागते. गैरवर्तन अथवा असमर्थता सिद्ध झाली पाहिजे. संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचें बहुमत, आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकीं दोन-तृतीयांश मतें मिळालीं पाहिजेत. त्याचें वेतन नेमणुकीनंतर त्याला तोटा होईल अशा रीतीनें बदलतां येत नाहीं, आणि तें संचित निधीवर भारित असल्यामुळें त्यावर मतदानहि होत नाहीं. पद सोडल्यानंतर केंद्राची वा राज्याची कोणतीहि नोकरी त्याला स्वीकारतां येत नाहीं. म्हणजे भीतीप्रमाणें लोभाचीहि वाट बंद केलेली आहे. १९७१ च्या कायद्यानें त्याची मुदत सहा वर्षें अथवा वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी ठरविली. आजवर एकाहि महालेखापरीक्षकाला या रीतीनें दूर करण्याचा प्रसंग आलेला नाहीं.

दोघेहि सभागृहाच्या उपयोगाचे अधिकारी. मग एकाला एवढी तटबंदी आणि दुसऱ्याला एक कुंपणहि नाहीं, असें कां? याचें उत्तर दोघांच्या कामांत आहे. सचिव हा सभागृहाचा स्वतःचा हात होय. हात डोक्याचें ऐकेनासा झाला तर काम अडेल. म्हणून तो अध्यक्षांच्या विश्वासांतलाच असावा लागतो. लेखापरीक्षक सरकारचा खर्च तपासतो, आणि आपल्या पद्धतींत सरकार बनतें तें सभागृहांतल्या बहुमतांतून. साध्या बहुमतानें त्याला काढतां आलें असतें, तर ज्यांचे हिशेब तपासावयाचे त्यांच्याच हातीं तपासनिसाची नोकरी गेली असती. म्हणून त्याचें रक्षण सरकारपासून जसें, तसें सभागृहांतल्या चालू बहुमतापासूनहि करावें लागलें.

तरीहि या तटबंदीला एक दरवाजा उघडा राहिला आहे आणि तो नेमणुकीचा. महालेखापरीक्षकाची नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्यानें होते, पण निवड करतें तें केंद्र सरकारच. विरोधी पक्षाचा वा लोकलेखा समितीचा सल्ला घेण्याचें बंधन नाहीं. इंग्लंडांत १९८३ च्या कायद्यानें ही उणीव भरून काढली. तेथें पंतप्रधानांनीं नांव सुचवावयाचें तें लोकलेखा समितीच्या अध्यक्षांच्या संमतीनें, आणि तो अध्यक्ष प्रघातानें विरोधी पक्षाचा असतो. आपल्याकडेहि संसदेच्या लोकलेखा समितीचें अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे; परंतु ज्याच्या अहवालावर ती समिति काम करते, त्याच्या निवडींत तिला जागा नाहीं.

दूर करण्याच्या अधिकाराचें महत्त्व किती, हें अमेरिकेंत न्यायालयानेंच सांगून ठेवलें आहे. तेथील कंट्रोलर जनरल पंधरा वर्षांच्या मुदतीनें नेमला जातो. नेमणूक राष्ट्राध्यक्ष सीनेटच्या संमतीनें करतात. पण त्याला दूर करण्याची वाट १९२१ च्या कायद्यानें काँग्रेसमधूनच ठेवलेली आहे. १९८५ सालीं सरकारी खर्चांत कपात ठरविण्याचा अधिकार या अधिकाऱ्याला देण्यांत आला. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो अधिकार रद्द ठरविला, आणि कारण असें दिलें, कीं ज्याला काँग्रेस दूर करूं शकते तो काँग्रेसच्या अधीन होय. त्याला कार्यकारी सत्ता देतां येत नाहीं. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची असूनहि अधिकारी कोणाचा, हें न्यायालयानें निरोपाच्या अधिकारावरून ठरविलें.

त्याच देशांत याची दुसरी बाजूहि अलीकडे दिसून आली. काँग्रेसच्या इमारतींची देखभाल करणारा प्रमुख अधिकारी फेब्रुवारी २०२३ मध्यें राष्ट्राध्यक्षांनीं पदावरून दूर केला. त्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसनें कायदा बदलून त्या पदाची नेमणूक व बडतर्फी या दोन्ही गोष्टी आपल्या नेत्यांच्या मंडळाकडे घेतल्या. काँग्रेसच्या ग्रंथालयाविषयीं मात्र असा बदल झाला नव्हता. सदस्यांना माहिती व संशोधन पुरविणारी शाखा ज्या ग्रंथालयांत आहे, त्याच्या प्रमुख कार्ला हेडन यांना मे २०२५ मध्यें राष्ट्राध्यक्षांनीं दूर केलें. संस्थेच्या नांवांत ‘काँग्रेस’ असून भागत नाहीं. निरोपाचा अधिकार कोठें आहे, तेंच अखेर प्रभावी ठरतें.

वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्याहून बोळिंजला जवळचें सभागृह म्हणजे महानगरपालिका. २००९ सालीं विरारसह चार नगरपालिका आणि भोंवतालचीं अनेक गांवें एकत्र करून ती स्थापन झाली. तिचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका कायद्यानें चालतो. त्या कायद्यांतहि हाच विचार आढळतो. आयुक्त हा राज्य सरकारनें पाठविलेला. पण सभेचें कामकाज पाहणारा चिटणीस आणि आयुक्ताच्या कारभाराचे हिशेब तपासणारा मुख्य लेखापरीक्षक यांची नेमणूक आयुक्ताकडे न ठेवतां नगरसेवकांच्या सभेकडे ठेवलेली आहे. ज्याचा खर्च तपासावयाचा त्यानें तपासनीस नेमूं नये, एवढाच त्याचा साधा अर्थ.

पण सभाच नसेल तर? जून २०२० मध्यें या महानगरपालिकेची मुदत संपली आणि नव्या सभागृहासाठीं मतदान झालें तें १५ जानेवारी २०२६ रोजीं. मधल्या साडेपांच वर्षांहून अधिक काळ एकहि नगरसेवक नव्हता. सभेचे अधिकार आणि प्रशासनाचे अधिकार एकाच प्रशासकाच्या हातीं एकवटले होते. कायद्याच्या पुस्तकांत चिटणीस व लेखापरीक्षक हे सभेचेच अधिकारी होते, परंतु ज्या सभेनें त्यांच्या पाठीशीं उभें राहावयाचें ती सभाच अस्तित्वांत नव्हती. प्रशासक कितीहि सचोटीचा असो, जमाखर्च लिहिणारा आणि तो तपासणाऱ्याचा धनी हे दोघे एकच झाले, तर तपासणीचा हेतु तितका उणावतो. मुंबईच्या विधानभवनांतील रिकाम्या खुर्च्यांनीं जी उणीव दाखविली तीच येथें अधिक ढळढळीतपणें दिसली.

आतां सभागृह पुन्हा निवडून आलें आहे. बोळिंजच्या गृहस्थानें आपल्या नगरसेवकाला पाणी, रस्ता आणि गटार यांविषयीं प्रश्न विचारावे हें योग्यच. पण त्यांच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं. सभेच्या चिटणिसाची आणि मुख्य लेखापरीक्षकाची नेमणूक सभेनें स्वतः विचार करून केली आहे काय? आणि लेखापरीक्षकानें अप्रिय असा अहवाल दिला, तर त्याची बदली होऊं नये म्हणून सभा त्याच्या पाठीशीं उभी राहील काय? हेच दोन प्रश्न आमदाराला विधानभवनाच्या सचिवाविषयीं आणि खासदाराला महालेखापरीक्षकाच्या निवडीविषयीं विचारतां येतात. विठ्ठलभाईंनीं शंभर वर्षांपूर्वीं परक्या सरकारला विचारलेला प्रश्न याहून निराळा नव्हता.